मैदान ठरल्यावर झोपायचं नसतं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



घरात कुणाला कर्करोगाचं निदान झालं आणि ऑपरेशनची तारीख मिळाली, की आपल्याकडं एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आता काही करू नकोस, नुसती पडून राहा.’ हे वाक्य प्रेमापोटी म्हटलेलं असतं. आज मला त्या वाक्याविषयीच बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही. कागलला हायस्कूलमध्ये तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाले. पण हे वाक्य मी आयुष्यात दोनदा फार जवळून ऐकलं. एकदा माझ्या बहिणीच्या बाबतीत आणि एकदा माझ्या स्वतःच्या.

पहिली गोष्ट १९९८ सालची. माझी थोरली बहीण, तिला आम्ही आक्का म्हणायचो. तिला गर्भाशयाचा कर्करोग निघाला. एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात पाच आठवड्यांनी ऑपरेशन करायचं ठरलं. आक्का शेतात राबलेली बाई. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन मैलभर चालायची. पण त्या पाच आठवड्यांत आम्ही तिला खाटेवरून उठू दिलं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा तिच्या हातात नेऊन द्यायचो. भेटायला येणारा जो तो खाऊ आणायचा आणि डोळे पुसत जायचा. मीही त्यातलीच एक. ऑपरेशनला निघायच्या दिवशी उंबऱ्यापासून गाडीपर्यंत जाताना तिनं दोन वेळा भिंत धरली, ते मला आजही दिसतं.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ पूर्ण निघाली, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही पेढे वाटले. पाचव्या दिवशी ताप आला. छातीत कफ भरला होता आणि तो खोकून बाहेर काढायला तिच्या अंगात बळ नव्हतं. अकराव्या दिवशी आक्का गेली. न्यूमोनियानं गेली, कर्करोगानं नव्हे.

यात कुणाचा दोष होता असं मी म्हणत नाही. आधी हिंडती-फिरती ठेवली असती तर ती वाचलीच असती, असंही म्हणणार नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण गाठ गेली आणि माणूसही गेलं, हे कोडं माझ्या मनातून कधी गेलं नाही.

दुसरी गोष्ट जानेवारी २०२४ मधली, माझी स्वतःची. वर्षभर मला थकवा येत होता. वय झालं, म्हणून मी तो अंगावर काढला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. रक्त जातंय कुठं, याचा शोध घेता घेता दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ सापडली. तुकडा तपासला, कर्करोगच निघाला. कोल्हापुरात ऑपरेशन करायचं ठरलं. मात्र रक्त इतकं कमी असताना लगेच नको, आधी शिरेतून लोह देऊ, असं डॉक्टर म्हणाले. एकूण चोवीस दिवस हातात होते.

आणि घरी आल्याबरोबर तेच वाक्य कानावर आलं. सूनबाईनं स्वयंपाकघरात पाय टाकू दिला नाही. जाऊबाईंनी देवघरातली फुलंसुद्धा स्वतः आणून ठेवली. आठवडाभर मी पडून होते. छताकडं बघत आक्काची आठवण काढत होते. विज्ञानाच्या शिक्षिकेला यात काही चुकतंय असं एकदाही वाटलं नाही.

मला उठवलं ते आमच्या भाऊजींनी. माझे धाकटे दीर ऐन उमेदीत तालमीत घुमलेले. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानातल्या कुस्त्या त्यांना तोंडपाठ. ते भेटायला आले, खाटेशेजारी बसले आणि म्हणाले, ‘वैनी, तारीख कवाची?’ मी सांगितली. ते म्हणाले, ‘मग हातरूण का धरलंय? मैदान ठरल्यावर पैलवान झोपतोय व्हय? मैदान ठरलं की मेहनत वाढवतोय, खुराक वाढवतोय. कुस्ती हौद्यात हुतीया, पण ती जितायची आदल्या महिन्यात असतीया.’

सगळे हसले. मीही हसले. पण दोनच दिवसांनी दवाखान्यात भूलतज्ज्ञ बाईंनी तीच गोष्ट त्यांच्या भाषेत विचारली. म्हणाल्या, ‘न थांबता दोन जिने चढता का?’ मी म्हटलं, ‘एकातच दम लागतो.’ त्यांनी मला तिथल्या फिजिओथेरपिस्टकडं पाठवलं. त्या मुलीनं मला लांब व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला लावलं आणि अंतर मोजलं. तीनशे दहा मीटर भरलं. ती म्हणाली, ‘बाई, आपल्याकडं सतरा दिवस आहेत. हा आकडा वाढवू या.’

ऑपरेशनच्या आधी करायच्या या तयारीला प्रीहॅबिलिटेशन म्हणतात. ऑपरेशननंतर माणसाला पुन्हा उभं करण्याच्या उपचाराला रिहॅबिलिटेशन म्हणतात, ते आपण ऐकलेलं असतं. हे त्याच्या आधीचं. भाऊजींच्या शब्दांत सांगायचं तर मैदानाआधीची मेहनत.

आता यामागचं कारण समजून घेऊ. पोटाचं मोठं ऑपरेशन म्हणजे शरीरावर पडलेलं मोठं ओझं. जखम भरायची, जंतूंशी झुंजायचं, यासाठी शरीराला पुढं कित्येक दिवस जास्त प्राणवायू आणि जास्त प्रथिनं लागतात. म्हणजे हृदयाला आणि फुप्फुसांना एरवीपेक्षा जास्त काम करावं लागतं. ज्याच्याकडं ताकदीची शिल्लक असते तो त्यातून खर्च करतो. ज्याच्याकडं ती नसते, त्याचं शरीर स्वतःचेच स्नायू मोडून गरज भागवू लागतं.

भूल आणि पोटावरची जखम यांचा छातीवरही परिणाम होतो. जखम दुखते म्हणून माणूस वरवरचे श्वास घेतो, खोकायला घाबरतो. फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही, तिथं कफ साचतो आणि त्यात जंतू वाढतात. आक्काच्या बाबतीत हेच झालं असावं.

आणि पडून राहण्याची किंमत काय असते? अमेरिकेत साठीच्या पुढच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून एक अभ्यास केला होता. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांचं जवळजवळ एक किलो मांस कमी झालं. लक्षात घ्या, ही माणसं धडधाकट होती. मग रक्त कमी असलेल्या, भूक मेलेल्या, धास्तावलेल्या रुग्णाला आपण महिनाभर झोपवून ठेवतो, तेव्हा त्याची किती शिल्लक आपण खर्चून टाकतो?

कॅनडातल्या माँट्रियल शहरातला एक अभ्यास मला फार बोलका वाटला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. आतड्याच्या कर्करोगाचे ७७ रुग्ण घेतले. व्यायाम, आहार आणि मनाला धीर देणं असा एकच कार्यक्रम सगळ्यांना दिला. फरक एवढाच, की निम्म्यांनी तो ऑपरेशनच्या साधारण चार आठवडे आधी सुरू केला आणि निम्म्यांनी ऑपरेशननंतर. दोन महिन्यांनी सगळ्यांची चाल मोजली. आधी सुरू करणाऱ्यांपैकी ८४ टक्के लोक आपल्या पूर्वीच्या ताकदीवर परत आले होते. नंतर सुरू करणाऱ्यांपैकी ६२ टक्के. मेहनत तीच, फक्त वेळ बदलली.

पुढं २०२३ साली युरोप आणि कॅनडातल्या रुग्णालयांनी मिळून केलेला, २५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोही आतड्याच्या कर्करोगाचाच. चार आठवडे तयारी केलेल्यांमध्ये शंभरातल्या सतरा जणांना ऑपरेशननंतर गंभीर गुंतागुंत झाली. तयारी न केलेल्यांमध्ये हे प्रमाण शंभरात तीस होतं. पण खरं तेही सांगायला हवं, की सगळ्याच अभ्यासांत असा फरक दिसलेला नाही. माँट्रियलच्याच मंडळींनी फार अशक्त झालेल्या वृद्ध रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० साली आला. त्यात गुंतागुंत कमी झालेली दिसली नाही. म्हणजे ही जादू नाही. काहींना भरपूर उपयोग होतो, काहींना कमी.

तिसरा अभ्यास मात्र आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या माणसांनी कान देऊन ऐकावा असा आहे, कारण त्याला खर्च जवळजवळ नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाचं मोठं ऑपरेशन होणाऱ्या ४४१ जणांवर तो झाला. ते सगळेच काही कर्करोगाचे नव्हते. त्यांपैकी निम्म्यांना ऑपरेशनच्या आधी फिजिओथेरपिस्टनं एकदाच, फक्त अर्धा तास शिकवलं. कफ का साचतो, शुद्धीवर येताच खोल श्वास कसे घ्यायचे, कसं खोकायचं, एवढंच. बाकीच्यांना माहितीची पुस्तिका दिली. पुस्तिकेवाल्यांमध्ये शंभरातल्या सत्तावीस जणांना छातीचा त्रास झाला, शिकवलेल्यांमध्ये बारा जणांना. हे २०१८ साली छापून आलं. ते वाचताना अर्ध्या तासाची किंमत मला कळली. शाळेत आमचा तास पस्तीस मिनिटांचा असायचा.

आता मी काय केलं ते सांगते. रोज सकाळी जयसिंगराव तलावाच्या बाजूला चालायला जायचं. सुरुवातीला दहा मिनिटं, मग थांबायचं, पुन्हा दहा मिनिटं. दर दोन दिवसांनी थोडी वाढ. वेग किती असावा? त्या मुलीनं सोपी खूण सांगितली : चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं जमत असेल तर वेग वाढवा, बोलणंही जमत नसेल तर कमी करा. घरी आल्यावर खुर्चीत बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं. दहा वेळा. दिवसातून तीनदा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या घेऊन हात वर-खाली करायचे. हे सगळं घरात होण्यासारखं आहे, वेगळं सामान काही लागत नाही.

श्वासासाठी तीन गोळ्यांचं एक छोटं यंत्र मिळतं. आपल्यातल्या अनेकांनी ते दवाखान्यात पाहिलं असेल. ते फुंकायचं नसतं, त्यातून हवा आत ओढायची असते. मीसुद्धा पहिल्या दिवशी फुंकलंच होतं! आणखी एक गोष्ट शिकले : पोटावर उशी घट्ट दाबून धरायची आणि मग खोकायचं. टाके धरून राहतात, दुखणं कमी होतं. ही सवय ऑपरेशनच्या आधी करावी लागते. जखम दुखत असताना नवीन काही शिकणं अवघड असतं.

राहिला खुराक. कर्करोगाच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागं दिवसाला एक ते दीड ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं आहारतज्ज्ञ सांगतात. माझं वजन ५४ किलो, म्हणजे साधारण ५४ ते ८० ग्रॅम. चहा-बिस्किटावर आणि पेज-भातावर ते भरत नाहीत. आपल्याकडं ऑपरेशन म्हटलं की अंडं बंद, मटण बंद, कारण जखम चिघळते अशी समजूत. मला डॉक्टरांनी उलट सांगितलं. मी सकाळी दोन अंडी, दोन्ही वेळा घट्ट वरण, दूध, दही, मूठभर शेंगदाणे आणि आठवड्यातून दोनदा मटण असं खाल्लं. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच आहार ठरवावा.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी एवढं ऐकावं : ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी सोडली तर छातीचे त्रास आणि जखमेचे त्रास कमी होतात, हे सिद्ध झालेलं आहे. आणि आपल्या भागातल्या बायकांची मिश्री! ‘ती काय, दाताला लावायची’ असं म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती सोडायचीही हीच वेळ.

चालायला बाहेर पडणं हेच खरं तर सगळ्यात अवघड गेलं. साडीवर कॅनव्हासचे बूट घालून मी गैबी चौकातून निघाले की लोक बघायचे. ओळखीच्या बायका थांबवून विचारायच्या, ‘बाई, तुमचं ऑपरेशन आहे ना? मग असं हिंडायचं?’ एकीनं तर सूनबाईला दोष दिला, की सासूला या अवस्थेत भाजी आणायला पाठवते! त्या दिवशी सूनबाई रडली. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः माझ्याबरोबर चालायला येऊ लागली. तेव्हापासून विचारणाऱ्यांना तीच उत्तर द्यायची. मला वाटतं, त्या महिन्यात मला चालण्याइतकंच तिच्या सोबतीनं तारलं. वाट बघण्याचे दिवस फार वाईट असतात. मन सारखं त्या एका तारखेभोवती फिरतं. पण आज काल‌पेक्षा चार पावलं जास्त झाली, एवढं जरी हातात असलं तरी रात्री झोप लागते.

एक इशारा अगदी स्पष्टपणे देते. व्यायामानं गाठ विरघळत नाही. व्यायाम हा ऑपरेशनला पर्याय नाही आणि व्यायामासाठी ऑपरेशन स्वतःहून पुढं ढकलू नये. माझे चोवीस दिवस रक्त वाढवण्यासाठी डॉक्टरांनीच दिलेले होते. शिवाय हृदयाचा आजार, खूप कमी रक्त, चालू रक्तस्राव, हाडांत पसरलेला आजार किंवा आतडं तुंबलेलं असेल, तर असा व्यायाम धोक्याचा ठरू शकतो. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथंच थांबायचं. माझीही सुरुवात डॉक्टरांनी तपासून, रक्त चढणीला लागल्यावरच झाली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुन्हा सहा मिनिटांची चाल मोजली. तीनशे पन्नास मीटर. फक्त चाळीस मीटर जास्त. शाळेच्या पटांगणाची निम्मी लांबीसुद्धा नाही. पण ती मुलगी टाळ्या वाजवायला लागली.

शुद्धीवर आले तेव्हा गुंगीतच मी श्वास मोजायला सुरुवात केली, असं नर्स सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी धरून खुर्चीत बसवलं, संध्याकाळी चार पावलं टाकली. चौथ्या दिवशी उलट्या झाल्या, आतडी दोन दिवस रुसली. म्हणजे तयारी केली म्हणून सगळंच टळलं असं नाही. पण छाती मोकळी राहिली. नवव्या दिवशी मी घरी आले. पुढं केमोथेरपी झाली, तीही सोसली.

माझ्या शेजारच्या खाटेवर माझ्याहून दहा वर्षांनी लहान बाई होती. गडहिंग्लजकडची. तिचंही पोटाचं ऑपरेशन झालेलं. तिचे घरचे तिला कुशीवरही वळू देत नव्हते, हातानं भरवत होते. ती ते तीन गोळ्यांचं यंत्र फुंकत होती आणि गोळ्या हलत नाहीत म्हणून खाली ठेवत होती. मी सलाइनचा स्टँड धरून तिच्याजवळ गेले आणि हवा आत ओढून दाखवली. तिनं ओढली. एक गोळी वर गेली. तिची म्हातारी आई माझ्याकडं बघून म्हणाली, ‘हे आदी कुणी सांगितलंच न्हाई, बाई.’

श्रोतेहो, त्या माउलीचं ते वाक्य घेऊनच मी इथं आले आहे. मोठ्या शहरातल्या काही रुग्णालयांत ही तयारी करून घेतात, पण सगळीकडं ती आपणहून सांगितली जाईलच असं नाही. म्हणून आपण विचारायचं. ऑपरेशनची तारीख मिळाली की डॉक्टरांना विचारा : या दिवसांत मी किती चालू? काय खाऊ? माझं रक्त पुरेसं आहे का? आणि ऑपरेशनच्या आधी मला श्वासाचे आणि खोकण्याचे व्यायाम कोण शिकवील? योजनेच्या कागदपत्रांसाठी, तपासण्यांसाठी, मंजुरीसाठी आपल्याला थांबावं लागतंच. ते दिवस फुकट घालवू नका. दोन आठवडे मिळाले तर दोन आठवडे. आणि एकच दिवस मिळाला, तर अर्धा तास श्वास घ्यायला शिका.

आणि घरच्यांना माझं सांगणं आहे. आम्ही आक्काला पाण्याचा तांब्या हातात नेऊन दिला. तेव्हा आम्हाला तेच प्रेम वाटत होतं. तुमच्या घरातल्या माणसाला डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर तांब्या माजघरातच राहू द्या. त्याचा हात धरा आणि त्याला तिथपर्यंत चालवत न्या.